बोलायला शिकवणारी ॲप्स : परीक्षा कोणाची?

मूल अडीच वर्षांचे झाले, सांगितलेले त्याला कळते असे वाटते, पण तोंडातून आठ-दहा शब्दांपलीकडे काही येत नाही. अशा वेळी घरातले मोठे माणूस ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणून धीर देत असे. आज त्या धीराबरोबर मुलाच्या हाती मोबाईलही दिला जातो. लहान मुलांना बोलते करण्याचा, त्यांचे उच्चार सुधारण्याचा आणि शब्दसंग्रह वाढवण्याचा दावा करणारी ॲप्स आता मराठीतही मिळतात. पालक अंगणवाडीच्या ताईंना किंवा बालवाडीच्या बाईंना विचारतात, ‘मॅडम, यातले कोणते घेऊ?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर विचारपूर्वक द्यायला हवे. ते उत्तर तयार करण्यासाठी हा लेख आहे.

उदाहरणासाठी आम्ही नागपूर घेतले आहे. हे शहर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते. त्यामुळे येथील मूल घरात मराठी बोली, गल्लीत हिंदी, शाळेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी अशा तीन-चार प्रवाहांत वाढते. बोलायला शिकवणाऱ्या यंत्राची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ही ॲप्स दोन्ही बाजूंनी चुकतात. जे निरोगी आहे त्याला ती ‘चूक’ म्हणतात आणि जेथे तपासणीची गरज आहे तेथे ‘शाब्बास’ म्हणतात. पहिल्या चुकीने मूल गप्प होते. दुसऱ्या चुकीने मोलाची वर्षे हातची जातात.

ॲपमध्ये असते काय?

नावे आणि चित्रे कितीही वेगळी असली तरी या ॲप्सचे ढोबळ चार प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात चित्रावर बोट ठेवले की त्याचे नाव ऐकू येते. दुसऱ्यात गाणी आणि हलती चित्रे असतात. तिसऱ्या प्रकारात यंत्र एक शब्द उच्चारते, मुलाने तो पुन्हा म्हणायचा असतो आणि यंत्र त्याला गुण किंवा तारे देते. चौथा प्रकार अगदी वेगळा आहे. ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही त्यांच्यासाठी ॲप आवाज पुरवते. बाजारात आणि पालकांच्या मनात हे चारही प्रकार एकाच टोपलीत पडलेले आहेत. गोंधळाची सुरुवात येथूनच होते.

मूल कोणाकडून शिकते?

सहा-सात महिन्यांचे मूल ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी बडबड करू लागते. साधारण वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो आणि दोन वर्षांच्या आसपास ‘दूध दे’, ‘बाबा गेला’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू होते. या सर्व काळात मूल केवळ ऐकत नसते. ते काहीतरी आवाज करते, मोठे माणूस त्याला उत्तर देते, मग मूल पुन्हा आवाज करते. भाषा शिकण्याचे यंत्र असे काही असेल तर ते म्हणजे ही आळीपाळी.

याची एक सुंदर तपासणी अमेरिकेत पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी भाषा बारा बैठकांत ऐकवण्यात आली. एका गटाशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचे तेच बोलणे दूरदर्शनच्या पडद्यावर दाखवले, तर तिसऱ्याला केवळ ध्वनिमुद्रण ऐकवले. पुढे चिनी ध्वनींमधील फरक ओळखण्याची चाचणी घेतली, तेव्हा पहिला गट तो फरक ओळखत होता. उरलेल्या दोन गटांत चिनी न ऐकलेल्या बाळांपेक्षा काही अधिक दिसले नाही. भाषा तीच, आवाज तेच आणि वेळही तेवढाच होता. समोर माणूस नव्हता, एवढाच फरक.

‘हे दूरदर्शनचे झाले, ॲप तर मुलाला प्रतिसाद देते’, असे कोणी म्हणेल. आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात सापडते. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवली गेली : प्रत्यक्ष समोर बसून, व्हिडिओ कॉलवर आणि आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून. पहिल्या दोन गटांतील मुले शिकली, तिसऱ्यातील शिकली नाहीत. म्हणजे दोष काचेचा नाही. पलीकडचे माणूस या मुलाला, याच क्षणी, याच्याच बोलण्यावर उत्तर देते की नाही, हा खरा प्रश्न आहे. काटोलची आजी व्हिडिओ कॉलवर नातवाला ‘अरे, हातात काय आहे तुझ्या?’ असे विचारते, तेव्हा ती उत्तर देत असते. ॲपचे ‘छान! पुन्हा म्हण’ हे मात्र उत्तर नव्हे. मुलाने काहीही म्हटले तरी त्याच्याजवळ ठरलेली दोन-चार वाक्येच असतात.

ही भूल काही नवी नाही. अमेरिकेत ‘बेबी आइन्स्टाइन’ नावाच्या बाळांसाठीच्या चित्रफिती अफाट खपल्या आणि २००९ साली त्या विकणाऱ्या डिस्ने कंपनीने ग्राहकांना पैसे परत देऊ केले. त्याच सुमारास, २०१० साली, बाळांसाठीच्या एका लोकप्रिय डीव्हीडीची तपासणी प्रसिद्ध झाली. बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांनी ती घरी चार आठवडे पाहिली. ती न पाहणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना अधिक शब्द आले नाहीत. सर्वांत जास्त शब्द आले ते ज्यांच्या आईवडिलांनी डीव्हीडीशिवाय, रोजच्या व्यवहारात तेच शब्द वापरले, त्या मुलांना. पडद्यावरचा शब्द मुलाच्या हातात येत नाही, घरातला येतो.

नुसते नाव म्हणजे भाषा नव्हे

चित्र दाखवून नाव सांगणाऱ्या ॲपबद्दल आमची आणखी एक तक्रार आहे आणि ती मराठीच्या स्वभावाशी निगडित आहे. अशा ॲपमध्ये आंबा, चिंच, संत्रे ही तीन चित्रे आणि तीन नावे असतील. पण मराठी मुलाला केवळ नावे शिकायची नसतात. आंबा पडला, चिंच पडली, संत्रे पडले. पिकलेला आंबा, पिकलेली चिंच, पिकलेले संत्रे. नामाचे लिंग क्रियापदावर आणि विशेषणावर उमटते. हे लिंग चित्रात दिसत नाही, ते वाक्यातच ऐकू येते. नागपूरच्या मुलाला तर घरात ‘संत्रं पडलं’ आणि गल्लीत ‘संतरा गिरा’ असे दोन्ही ऐकायला मिळते. एकच फळ एका भाषेत नपुंसकलिंगी आणि दुसरीत पुल्लिंगी! हा गुंता मूल चार-पाच वर्षांत सोडवते, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे.

ते हा गुंता कसा सोडवते? मूल म्हणते, ‘चिंच पडला.’ आई सहज म्हणते, ‘हो ना, चिंच पडली! आण बरं इकडे.’ तिने चूक काढली नाही, तरी योग्य रूप मुलाच्या कानावर घातले. शिवाय मुलाचे म्हणणे तिला कळले हेही सांगितले आणि संभाषण पुढे नेले. तीन कामे एका वाक्यात झाली. चित्रावर बोट ठेवल्यावर ‘चिंच’ असे शंभर वेळा म्हणणाऱ्या यंत्राला यातले एकही काम जमत नाही. मुलाला सर्वांत आधी लागणारे शब्द कोणते, याचाही विचार करावा : दे, नको, अजून, संपले, इकडे, माझे. यांतल्या कशाचेही चित्र काढता येत नाही, म्हणून असे शब्द चित्रांच्या संचात क्वचितच सापडतात.

‘पानी’ ही चूक आहे का?

आता तिसरा प्रकार, म्हणजे उच्चाराला गुण देणारी ॲप्स. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ ऐकू येतो : पानी, लोनी, डोया, काया. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतात, ‘का’ऐवजी ‘काहून’. हा जिभेचा दोष नाही. ही बोलीची व्यवस्था आहे. आजीपासून नातवापर्यंत सर्व घर असेच बोलते. तीन वर्षांचे मूल ‘पानी’ म्हणते तेव्हा ते आपल्या घरची भाषा अचूक शिकलेले असते. प्रमाण मराठीवर बेतलेल्या यंत्राने त्याला तारा नाकारला, तर ते यंत्र मुलाच्या उच्चाराला नव्हे, त्याच्या आईला नापास करते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. घरातील सर्व माणसे ‘डोया’ म्हणतात आणि मूलही ‘डोया’ म्हणते, ही बोली. घरातील सर्व माणसे ‘काका’ म्हणतात आणि पाच वर्षांचे मूल ‘टाटा’ म्हणते, ही मात्र लक्ष देण्याजोगी गोष्ट. तीन वर्षांच्या मुलाने ‘र’ला ‘ल’ म्हणणे हे वयाला धरून आहे. ‘र’ हा ध्वनी उशिराच बसतो. बोली कोणती, वयाचा बोबडेपणा कोणता आणि अडचण कोणती, हे ठरवायला मुलाचे घर माहीत असावे लागते. ते शिक्षिकेला माहीत असते, यंत्राला नसते.

यंत्राच्या कानाचीही काही अंगभूत मर्यादा आहे. आवाज ओळखणाऱ्या प्रणाली मुख्यत्वे प्रौढांच्या बोलण्यावर तयार होतात. प्रौढ पुरुषाच्या स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतचा मार्ग सुमारे १७ सेंटिमीटर असतो. लहान मुलाचा त्याहून पुष्कळच आखूड. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास, तर लहान मुलाची ३०० हर्ट्झच्या जवळपास असते. बासरी आखूड केली की सूर चढतो, तसेच हे. त्यात मुलाचे बोलणे क्षणाक्षणाला बदलते, म्हणून मुलांच्या बाबतीत यंत्राच्या चुका वाढतात. आपली लिपीही त्याला गोंधळात टाकते. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांतले ‘च’ वेगळे आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतले ‘ज’ वेगळे आहेत. लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. लिखित शब्दावरून उच्चार ठरवणाऱ्या यंत्राला येथे अंदाजच करावा लागतो.

शाब्बासकीचा धोका

बोली नापास झाली तर नुकसान होते, पण ते दिसते तरी. दुसरे नुकसान दिसत नाही, म्हणून ते अधिक गंभीर आहे.

दर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. त्याशिवाय वारंवार सर्दी होणाऱ्या कित्येक मुलांच्या मध्यकर्णात द्रव साठून काही काळ कमी ऐकू येते. असे मूल पूर्ण बहिरे नसते. दार आपटले की वळते, हाक मारली की कधी ओ देते. ‘आ’, ‘ऊ’ असे स्वर त्याला ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’ यांसारखे उंच वारंवारतेचे, मंद ध्वनी निसटून जातात. अशा मुलाच्या हाती चित्रांचे ॲप दिले तर काय होईल? ते डोळ्यांनी चित्र ओळखेल, बरोबर बोट ठेवेल आणि यंत्र टाळ्या वाजवेल. पालकांना वाटेल, याला सगळे कळते, आता बोलेलच. सहा महिने निघून जातील, मग वर्ष. भाषेसाठी पहिली तीन वर्षे सर्वांत मोलाची असतात. श्रवणयंत्र किंवा उपचार जितके लवकर, तितके बोलणे चांगले येते. ॲपने मुलाला इजा केली असे नव्हे. त्याने तपासणी लांबवली. हा आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

म्हणून पुढील खुणा प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवाव्यात. वर्ष झाले तरी बडबड नाही, सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, दोन वर्षे झाली तरी दोन शब्दांची स्वतःहून केलेली जोडणी नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे नाहीसे झाले, तर ‘थांबून पाहू’ म्हणू नये. आधी कान तपासावे. ‘ओएई’ आणि ‘बेरा’ या तपासण्यांना मुलाच्या उत्तराची गरज नसते. बाळ झोपलेले असतानाही त्या होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणे अपेक्षित असते, आणि श्रवणदोष व भाषेतील विलंब या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. पुढील तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाचे नाव पुढे करणे, हे कोणत्याही ॲपपेक्षा मोठे काम आहे.

मग ॲप कशासाठी?

सर्व यंत्रे टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. चौथ्या प्रकारातील ॲप्सचा आम्ही मनापासून पुरस्कार करतो. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागाने ‘जेलो’ हे मोफत ॲप तयार केले आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अशा कारणांनी ज्यांना बोलता येत नाही, ती मुले त्यातील चित्रांवर बोट ठेवून आपले म्हणणे मराठीतही ऐकवू शकतात. आवडते–आवडत नाही, हो–नाही, अजून–कमी अशी सहा बटणे त्यात आहेत. आपण वर ज्या ‘अजून’ आणि ‘नको’ची उणीव पाहिली, ती येथे भरून निघते. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हेही याच जातीचे. अशा साधनाने मूल आळशी होऊन बोलणेच सोडेल, अशी भीती पालकांना वाटते. या विषयावरील अभ्यासांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की, खात्रीलायक नोंदी असलेल्या एकाही व्यक्तीचे बोलणे कमी झाले नाही. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच. या ॲप्समध्ये बोलण्याची पाळी मुलाची असते, यंत्र त्याचे ओझे वाहते. फरक येथे आहे.

वाचनाची ॲप्सही वेगळी धरावीत. गूगलचे ‘बोलो’ २०१९ साली हिंदी-इंग्रजीत आले आणि ‘रीड अलाँग’ या नावाने २०२० साली त्यात मराठीही आली. मोठ्याने वाचणाऱ्या प्राथमिक शाळेच्या मुलाला असा सराव उपयोगी पडू शकतो. पण ते वाचनाचे साधन आहे. तीन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला ते देणे म्हणजे चालता न येणाऱ्याला सायकल देणे होय.

वेळेचा हिशोबही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन वर्षांपर्यंत पडदा नको असाच आहे. ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, तीन वर्षांच्या मुलांच्या घरी पडद्याच्या प्रत्येक वाढीव मिनिटामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे सुमारे सहा-सात शब्द कमी होतात. हा केवळ सहसंबंध आहे, कारण सिद्ध झाले असे नव्हे. तरी दिशा स्पष्ट आहे. आणि पडदा केवळ मुलाच्याच हाती असतो असे नाही. अंगणवाडी सेविकेला २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर नोंदी कराव्या लागतात. तिच्या हातात आणखी एक ‘बोलण्याचे’ ॲप देण्याआधी तिच्या बोलण्याचा वेळ किती उरला, हे विचारायला हवे.

वर्गात करून पाहण्यासारखे

मोठ्या विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. मोबाईलवरील मराठी आवाजी टंकलेखन सुरू करून ‘पाणी, पानी, डोळा, डोया, चांदणे, चंद्र’ हे शब्द आधी प्रौढ माणसाने आणि मग चार वर्षांच्या मुलाने प्रत्येकी पाच वेळा म्हणावेत. यंत्राने काय लिहिले, त्याचा तक्ता करावा. यंत्र कोणाचे ऐकते आणि कोणाचे नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

शिक्षकांनी दुसरा प्रयोग करावा. वर्गातील दहा मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकावे. आपण विचारलेल्या प्रश्नांपैकी ज्यांचे उत्तर आपल्याला आधीच माहीत होते असे किती, आणि माहीत नव्हते असे किती? ‘हा रंग कोणता?’ हा पहिल्या जातीचा प्रश्न. ‘काल बाजारात काय पाहिले?’ हा दुसऱ्या जातीचा. मुलाच्या उत्तरानंतर आपण ‘शाब्बास’ म्हणून थांबलो, की त्याचे बोलणे पुढे नेले? पहिल्या जातीचे प्रश्न आणि नुसती शाब्बासकी एवढेच सापडले, तर ॲप करते तेच काम आपणही करत होतो, असा त्याचा अर्थ होईल. ही चाचणी कडू आहे, पण उपयोगी आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, तेव्हा मुलाने शाळेत येण्याआधी शाळेने मुलाकडे जावे हा विचार त्यामागे होता. भाषेच्या बाबतीत तो आजही तितकाच लागू आहे. तेव्हा ‘मॅडम, कोणते ॲप घेऊ?’ असे कोणी विचारले तर उत्तर द्यावे : आधी कान तपासून घ्या. तो अहवाल आला की मला दाखवा. तोवर आणि त्यानंतरही, भाजी निवडताना, आंघोळ घालताना, बाजारातून येताना त्याच्याशी तुमच्या घरच्या भाषेत बोला आणि तो काही बोलला, बोट दाखवले, नुसता हुंकार दिला, तरी त्याला उत्तर द्या. ‘पानी’ म्हणाला तर आधी पाणी द्या.